काट मारलेली ओळ

माझ्या वहीचा नियम साधा आहे. रोज सकाळी नवं पान घ्यायचं. कालच्या पानावर जे उरलं असेल तेवढंच आजच्या पानावर उतरवायचं. जे झालं त्यावर काट मारायची आणि त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. नोकरी लागल्यापासूनच्या अशा एकतीस वह्या कपाटात आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर महिना आणि साल लिहिलेलं. घरच्यांना त्याचं हसू येतं. मला येत नाही.

त्या सोमवारच्या पानावर पंधरा ओळी होत्या, पण महत्त्वाच्या दोनच. पहिली, अव्वांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पुढच्या मंगळवारी. दुसरी, बग, म्हणजे प्रोग्राममधली न सापडणारी चूक.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. अक्कलकोटकडच्या. एकाच वाक्यात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या. नवरा माळशिरसकडच्या साखर कारखान्यात नोकरीला आहे आणि गाळप सुरू असलं की रविवारी आला तर आला. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी आणि नंतरचे सहा आठवडे अव्वांजवळ मीच असणार होते. सोलापुरात घरून काम करायची परवानगी मी दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या ऑफिसशी भांडून घेतली ती त्यांच्यासाठीच. आता ती परवानगीच धोक्यात आली होती.

“घरून होत नाही असं मी म्हणत नाहीये,” मॅनेजर सोमवारी कॉलवर म्हणाला. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे आणि फार सौम्य बोलतो, त्याचा मला जास्त त्रास होतो. “पण शुक्रवारपर्यंत बग सापडला नाही, तर पुढच्या सोमवारी इथे ये. मशीन लॅबमध्ये आहे. समोर बसून शोधू. महिना-दीड महिना धर.”

“मंगळवारी ऑपरेशन आहे.”

“माहितीये. म्हणून तर शुक्रवार म्हणतोय.”

माझं काम लोकांना सांगताना मी नेहमी अडखळते, तरी सांगते. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम. मेमरी म्हणजे लाखो कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला नंबर. नेटवर्क कार्डासारखं उपकरण बाहेरून आलेली माहिती थेट एखाद्या कप्प्यात नेऊन टाकतं. ती भलत्याच कप्प्यात पडू नये म्हणून मध्ये पहारेकरी ठेवतात. कार्डाला कप्प्याचा खरा नंबर सांगतच नाहीत, एक ठरवलेला नंबर देतात. पहारेकरी स्वतःच्या तक्त्यात बघून त्याचा खरा नंबर काढतो आणि मगच माहिती आत जाते. पत्त्याचं हे भाषांतर सेकंदाला लाखो वेळा होतं आणि कुणाला कळतही नाही.

माझं कार्ड मात्र हातात धरता येईल असं कार्डच नाही. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात आणि प्रत्येकाला एक व्हर्च्युअल कार्ड दाखवलं जातं. कार्डाचं सोंग घेणारा प्रोग्राम बेंगळुरूची टीम लिहिते. त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम मी लिहिते. हे कार्ड मशीनच्या आतलंच, सगळी मेमरी त्याला उघडी. मग त्याला पहारेकरी कशाला, अशी आमच्या कामात जुनी रीत होती.

चार वर्षं माझा ड्रायव्हर बिनतक्रार चालला. मग एका ग्राहकाने नवा सर्व्हर घेतला. त्यावर सुरुवातीचे दोन-तीन तास सगळं ठीक चालायचं. गर्दी वाढली की एकाच्या कप्प्यात दुसऱ्याचीच माहिती सापडायची आणि मशीन कोसळायचं. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी.

मी संभाव्य कारणांची यादी केली. बावीस. सोमवारी पाच तपासून काट मारली, मंगळवारी आठ. बुधवारी नळाला पाणी येणार होतं. आमच्याकडे ते रोज येत नाही, त्यामुळे टाकी, पिंप, कळश्या असं सगळं भरत भरत एकीकडे लॅपटॉपवर मशीन कोसळायची वाट बघत बसले. दुपारी चारला बाविसाव्या ओळीवर काट बसली. सगळ्या शक्यता संपल्या आणि बग होता तिथेच होता.

बेंगळुरूच्या टीममधला जो माणूस माझ्याशी बोलतो तो मूळचा बेळगावचा, म्हणून आमचं मराठीत चालतं. त्याला फोन केला.

“मॅडम, आमच्या बाजूने सगळं क्लीन आहे,” तो म्हणाला.

“माझ्याही बाजूने आहे.”

“मग झालं की.”

“काय झालं? मशीन पडतंय.”

“ते पडतंय, ते खरं आहे,” तो म्हणाला. फोन ठेवून मी कणीक इतकी जोरात मळली की अव्वांनी आतून विचारलं, “कुणावर राग काढायलीस ग?”

“कुणावर नाही.”

“यादीतलं सगळं झालं म्हणत होतीस.”

“झालं.”

“मग राग कशाला? तुझी यादी संपली की साखर वाटायची.”

गुरुवारी सकाळी नऊला मोबाइलवर मेसेज आला. अव्वांसाठी मागवलेला वॉकर पोहोचला. वॉचमन काकांनी गेटवर ठेवून घेतला असेल म्हणून मी त्या ओळीवर काट मारली आणि बावीस कारणांची यादी पुन्हा पहिल्यापासून धरली. अकरा वाजता अव्वांनी विचारलं, “वॉकर कुटं हाय? उंची बघून घ्यायची म्हणाले होते डॉक्टर.” गेटवर फोन केला. तिथे वॉकर नव्हता. मग कुरिअरवाल्याला लावला.

“मॅडम, दिला की सकाळीच,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“अठरा नंबरला. गुरुजींनी सही पण केली.”

इथे आमच्या कॉलनीबद्दल सांगायला हवं. सोसायटीने प्लॉट पाडले तेव्हाचे नंबर वेगळे आणि महापालिकेने नंतर घरांना दिलेले नंबर वेगळे. एक ते नऊ दोन्हीकडे सारखेच आहेत. पुढचे तीन प्लॉट मोकळे सोडले, त्यामुळे तिथून सगळे नंबर तीनने सरकले. फाटकांवर पाट्या महापालिकेच्या, आणि आधार कार्डापासून गॅसपर्यंत सगळीकडे प्लॉटचे नंबर. आमचा प्लॉट अठरा, फाटकावर पंधरा. बाहेरचं कुणी आलं की वॉचमन काका केबिनमधला तक्ता बघून सांगतात, अठरा म्हणजे पंधरा. तो तक्ता मीच करून, लॅमिनेट करून दिलेला आहे.

“गेटवर विचारलं नाही का?”

“मी काय परका हाय व्हय, मॅडम? मागच्याच गल्लीत राहतोय. गेटवर मी कदी थांबत न्हाय.”

“मग आजपर्यंत चुकलं कसं नाही?”

“मी पुढच्या लायनीला देतो, एक ते नऊ. तितं कशाला चुकंल? तुमच्या लायनीचा माणूस आज सुट्टीवर हाय. लई पार्सल होती, म्हणून दोन्ही लायनी मीच केल्या.”

मी त्याला बरंच बोलले. त्यानेही ऐकून घेतलं नाही. शेवटी “पत्त्यावर अठराच हाय की” असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि खरं म्हणजे पत्त्यावर अठराच होतं.

फाटकावर अठरा नंबर असलेल्या घरात निवृत्त गुरुजी राहतात. मी गेले तेव्हा ते व्हरांड्यात वॉकर घेऊन फेऱ्या मारत होते. “चांगली वस्तू आहे,” ते म्हणाले. “मुलाने न सांगता पाठवला असं वाटलं. उंची मात्र मी माझ्यापुरती करून घेतलीय.” खोक्यावर माझं नाव होतं हे मी दाखवलं. “चष्मा आत होता,” ते म्हणाले, आणि आणखी एक फेरी मारून मगच त्यांनी वॉकर दिला.

घरी येऊन उंची पुन्हा बसवायला अर्धा तास गेला. एक खटका अडकलाच होता. अव्वा खुर्चीत बसून बघत होत्या. “दुसऱ्यानं चालून बघितलेला मला दिलास,” त्या म्हणाल्या. “आता त्यांचा गुडघा बरा होईल, माझा न्हाय.”

मी वही उघडली ती वॉकरच्या ओळीवर काट मारायला. काट आधीच मारलेली होती. सकाळी नऊची, माझ्याच हातची. अडीच तास वॉकर तीन घरं पलीकडे फिरत होता आणि माझ्या पानावर तो घरी आलेला होता. मला त्या क्षणी बग वगैरे काही सुचलं नाही, नुसती चीड आली. दर वेळी मीच असं का करते म्हणून. आणि ‘दर वेळी’ म्हटल्यावर मात्र मी थांबले. बावीस कारणांची यादी मी कशावरून केली होती? जे अजून ठरलेलं नाही त्यावरून. जे आधीच ठरलंय ते माझ्या नियमाप्रमाणे यादीत आलेलंच नव्हतं.

कपाटातून चार वर्षांपूर्वीची वही काढली. ड्रायव्हर लिहायला घेतला त्या आठवड्याचं पान. मधोमध ओळ होती : ‘पत्त्याचं भाषांतर. कार्डाला विचारायची गरज नाही, आतलंच आहे.’ त्यावर काट. एक नाही, दोन.

ड्रायव्हर सुरू होताना त्याने कार्डाला एक प्रश्न विचारायचा असतो. तू पहारेकऱ्याकडून जाशील का? मी तो प्रश्न गाळला होता. तेव्हाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये पहारेकरीच नव्हता, त्यामुळे कर्नलने दिलेला नंबर आणि खरा नंबर एकच असायचा. विचारलं काय, न विचारलं काय. नव्या सर्व्हरवर ग्राहकाने सुरक्षिततेसाठी पहारेकरी ठेवला. मशीन सुरू होताना राखून ठेवलेल्या कप्प्यांचे नंबर तिथेही दोन्हीकडे सारखेच, म्हणून पहिले दोन-तीन तास सुखाचे. गर्दी झाली की नवे कप्पे घ्यावे लागायचे. त्यांचे ठरवलेले नंबर माझा ड्रायव्हर कार्डाला द्यायचा आणि कार्ड, कुणीच काही विचारलं नाही म्हणून, तेच खरे समजून सरळ आत जायचं.

बेळगावकराला फोन लावला. “ड्रायव्हरने विचारलं, तर तुमचं कार्ड भाषांतरातून जातं का?”

“जातं की. तीन वर्षांपूर्वीच घातलंय आम्ही ते.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही कधी विचारलंच नाही, मॅडम. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

मी फोन ठेवला. बोलण्यासारखं बरंच होतं, पण त्यातलं निम्मं मलाच लागू होतं.

दुरुस्ती चार ओळींची होती. संध्याकाळी पाचला लॅबच्या मशीनवर चढवली आणि मुद्दाम गर्दी लावून दिली. शुक्रवारी सकाळी दहाला बघितलं तर मशीन चालू होतं. मी मेल लिहिला. कारण, दुरुस्ती आणि शेवटी, हा निर्णय चार वर्षांपूर्वी मी घेतला होता आणि नंतर एकदाही तपासला नव्हता, असं सरळ लिहिलं. मॅनेजरचा लगेच फोन आला.

“शेवटचं वाक्य काढून टाक,” तो म्हणाला. “चार वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही. तू एकटीने अंगावर का घ्यायचं?”

“मी घेतलं नाही तर कोण घेईल?”

“तसं नव्हे ग. असू दे. पुण्याला यायची गरज नाही. पण ज्या मशीनवर जुना ड्रायव्हर चालू आहे, त्यांची यादी करून दे. ती सगळी बदलावी लागतील.”

परवानगी वाचली, ऑपरेशनला मी असणार हे ठरलं, आणि तरी मी दिवसभर चिडलेलीच होते. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “चार ओळींना चार दिवस? आमच्याकडे अख्खा बॉयलर खोलून बसवतात.” त्याला म्हटलं, बॉयलर निदान दिसतो.

शनिवारी हॉस्पिटलचं पान लिहायला बसले तेव्हा जुना नियम मोडला. झालेल्या गोष्टीही उतरवल्या. रक्ताचे रिपोर्ट, हृदयाची तपासणी, विम्याची मंजुरी, डॉक्टरांची वेळ. सगळ्यांवर आधी काट मारलेली होती. मी हॉस्पिटलला फोन करून एकेक पुन्हा विचारलं. तिथल्या बाई सहाव्या प्रश्नाला वैतागल्या. “मॅडम, तुमचं सगळं झालंय. आमच्याकडे दिसतंय.”

“तुमच्याकडे दिसतंय ते ठीक,” मी म्हटलं. “रिपोर्टवर नाव आणि वय काय आहे ते वाचून दाखवा.”

त्यांनी वाचून दाखवलं. बरोबर होतं. सगळंच बरोबर निघालं. त्यानेही मला बरं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी सातला रिक्षा आली. अव्वा वॉकर धरून फाटकापर्यंत चालत आल्या. वॉकर अजून डावीकडे किंचित उंच होता, तो अडकलेला खटका काही पुरता बसला नव्हता. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, “पुण्याला गेली असतीस तर?”

“नणंदताईंना बोलावलं असतं. मी रोज फोन केला असता.”

“व्हय,” अव्वा वॉकर मांडीवर आडवा घेत म्हणाल्या, “आनि फोनवरनं माझा गुडघा वाकवला असतास.”

मी वही पिशवीत टाकली आणि वॉकरचं एक टोक धरून बसले.