रामरती विहिरीत उतरली

गंगेकाठच्या आमच्या बिनटोली वस्तीत हातपंपाचं पाणी काचेसारखं नितळ दिसायचं. तेच पिऊन रामरतीच्या नवऱ्याचे तळहात खरखरीत झाले, अंगावर काळे ठिपके उठले, आणि त्यानं धरलेलं अंथरूण सुटलंच नाही. तो गेल्यावर तपासणीवाले आले. पाण्यात सोमलाचं विष आहे म्हणाले, पंपाला लाल रंग फासून गेले. बाया तरी तिथंच भरत राहिल्या. दुसरं पाणी होतं कुठं?

होती एक जुनी विहीर, कचऱ्यानं बुजत आलेली. तिच्यात हे विष बहुधा नसेल, उपसलीत तर तपासून देऊ, असं तेच लोक सांगून गेले होते. रामरतीनं घरोघरी फिरून माणसं जमवली. तिचा बाप विहिरी उपसायचा, त्याच्याकडून ती हे काम शिकली होती.

कामाच्या दिवशी तिनं दोरीला दिवा बांधून आत सोडला. अर्ध्यावरच विझला.

"आज कुणी उतरायचं नाही. आत हवा खराब आहे."

तिचा दीर जगदेव हसला. "भौजी, तुला तर सगळीकडं यमच दिसतो!" आणि ती धावेपर्यंत दोर धरून उतरलाही.

खालून खोकला ऐकू आला. मग काहीच नाही.

त्याची बायको सोनमती ऊर बडवू लागली. दोन पोरगे उडी घ्यायला निघाले, तशी रामरती काठावर आडवी उभी राहिली.

"एक पडलाय, तुम्हीही मराल!"

"सरक चेटकिणी!" सोनमती किंचाळली. "नवरा खाल्लास, आता दीर खातेस?"

"शिव्या नंतर दे. आधी कडुनिंबाच्या फांद्या आणा, आतली हवा ढवळायचीय!"

फांद्यांचा भारा दोराला बांधून आम्ही खालीवर झोडत राहिलो, कडेनं बादल्यांनी पाणी ओतत राहिलो. खालून हूं की चूं नाही. पुन्हा दिवा सोडला. ज्योत थरथरली, पण टिकली.

रामरतीनं पदर खोचला, एक दोर कमरेला बांधला, दुसरा जगदेवला बांधायला हातात घेतला. "झटका दिला की ओढा. झटका नाही आला, तरी ओढा."

दोर माझ्या हातात होता. तो सैल पडला. मग झटका आला. आधी जगदेव वर आला, ओठ निळे पडलेले. मागोमाग ती, ओकत ओकत. सोनमतीनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा कुठं त्यानं लांब श्वास ओढला.

पुढं रोज आधी फांद्या झोडून, दिवा सोडून मगच माणूस उतरायचा. अशी विहीर साफ झाली, तपासणीत पाणी चांगलं निघालं. सोनमतीनं माफी काही मागितली नाही. "दिदी, तुमची घागर द्या," एवढंच म्हणाली आणि भरून दिली.

परवा जगदेव संडासाचा खड्डा खणायला निघाला, तो नेमका विहिरीच्या अंगाला.

"इथं? म्हणजे आता तुझी घाण पिऊ का आम्ही?" रामरती कडाडली.

"भौजी, लांब खणलं तर पावसाळ्यात जायचं कसं?"

"छत्री घेऊन!"

जगदेवनं फावडं उचललं आणि गुमान टोलीच्या पार पलीकडच्या टोकाला गेला.