धुऱ्यावरची लेकरं

"हे पोट्टी मुकी हाये का वो?"

भाताच्या रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बायांपैकी एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "मुकी कायची? इंग्लिश शाळेतली हाये. तिचे शब्द महाग हायेत, माय!" अख्खं भातखाचर, सगळी बांधी हसली. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, त्या दुसरीचीच तान्ही मुलगी मांडीवर घेऊन बसले होते. मान खाली घातली, पण मलाही हसू आलं.

भंडाऱ्याच्या आमच्या चर्चमधले आम्ही सहा जण करडी गावाच्या पुढच्या एका खेड्यात आठ दिवस सेवेला आलो होतो. बाया सकाळी सातलाच रोवणीला लागत आणि अंगणवाडी दहाला उघडे. तोवर लेकरं धुऱ्यावर, काठ्यांना बांधलेल्या लुगड्याच्या सावलीत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना समाजमंदिरात सांभाळू लागलो. अंगावर दोन-दोन पोरं चढलेली, कानात कल्ला! शाळा-कॉलेजात एवढी मजा मला कधी आली नव्हती. पण आम्ही गेल्यावर काय? दर रोवणीला समाजमंदिर सातला उघडून लेकरं सांभाळायची सोय करावी, असा अर्ज बायांनी ग्रामपंचायतीकडे केला. तो मी लिहिला. ग्रामसभेत वाचणार होता आमचा गटप्रमुख दादा.

सभा आमच्या शेवटच्या दिवशी होती. खुर्च्यांवर सगळे पुरुषच. हजेरीच्या रजिस्टरवर मात्र बायांच्या सह्या भरगच्च, कारण शिपाई नेहमीप्रमाणे पहाटेच ते घेऊन घरोघरी फिरून आला होता. बाया समोर रस्त्यापलीकडच्या बांधीत वाकलेल्या दिसत होत्या.

"अर्जदार हजर नाहीत," सरपंच म्हणाले. "पुढच्या सभेत पाहू."

पुढच्या सभेपर्यंत रोवणी संपली असती. दादा उठला.

"बस बाबू. पाहुण्यायनं चहा प्यावा, सभेत बोलू नये," सरपंच म्हणाले.

दादा बसला. मी रजिस्टरकडे पाहत होते. मला चिडवणाऱ्या त्या बाईचा अंगठा तिसऱ्या ओळीत होता, शाई जराशी फिसकटलेली. मला बसवेना. खुर्ची करकरली, सगळे वळले, आणि मी उभी होते.

"काका, रजिस्टर सकाळी बायांच्या घरी गेलं होतं ना? मग आता सभा बांधीवर जाऊ द्या. तुमची खुर्ची मी उचलते."