मंगलाष्टकांत घुसलेला मोटरमन

मळवलीला शेजारशेजारच्या दोन फार्महाउसांवर एकाच वेळी कार्यक्रम असणं आता काही नवीन नाही. त्या रविवारी अलीकडच्या फार्महाउसावर लग्न होतं आणि त्याचा साउंड माझ्याकडे होता. मेंदीच्या कुंपणापलीकडे एका मोटरमनच्या निवृत्तीचा सत्कार.

दोन मामांनी अंतरपाट धरला, गुरुजींनी सूर लावला आणि माझ्या स्पीकरमधून भलताच आवाज आला, "आता गाडी दुसऱ्यांनी चालवावी, आमी सुटलो!"

मांडवात हशा पिकला. नवरदेवाचा चेहरा उतरला. अंतरपाटामागे नवरीचे खांदे हसून हलत होते.

दोन्हीकडचे कॉर्डलेस माइक एकाच फ्रीक्वेन्सीवर आले होते. पॉवर वाढवली की आपला आवाज वरचढ होईल, असं वाटून मी माइक 'हाय'वर टाकला. पलीकडच्यानंही बहुधा तेच केलं. मग कुणाचंच काही ऐकू येईना; नुसती खरखर.

"आवं, हात भरून आलं की!" एक मामा ओरडले. गुरुजींनी माइक बाजूला ठेवून तसंच म्हणायला सुरुवात केली. मागच्या रांगा आपापल्या गप्पांना लागल्या. माझ्या कानांतून वाफा निघायच्या बाकी होत्या.

मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलो. तिथला साउंडवाला माझ्यासारखाच लोणावळ्याचा. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"भाऊ, तुमचं लग्न इकडंच लागतंय," तो म्हणाला. "आमचे पाहुणे अक्षता शोधायला लागलेत."

दोघांनाही हसू फुटलं. भांडायला आलो होतो, ते राहूनच गेलं.

"तुमचं चॅनेल राहू द्या, मी दुसऱ्यावर जातो," मी म्हणालो. "पण पॉवर दोघांनीही उतरवायची. नाहीतर शेजारच्या चॅनेलवरही त्रास होणार."

"माझा रिसीव्हर पार आचाऱ्यापाशी आहे हो. म्हणून तर वाढवली."

"मग तोच स्टेजजवळ आणू की."

आम्ही दोघांनी मिळून माइकचा आवाज पकडणारा तो डबा स्टेजजवळ हलवला, त्यानं माइक 'लो'वर केला. परत येऊन मीही चॅनेल बदललं, पॉवर उतरवली आणि गुरुजींच्या हातात माइक दिला. शेवटचं मंगलाष्टक थेट गेटपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. अंतरपाट खाली आला. मामांनी दंड चोळले.

जेवणाच्या वेळी मोटरमन स्वतःच आले, सत्काराचा हार गळ्यात तसाच. नवरीला म्हणाले, "पोरी, तुजं 'सावधान' ऐकलं न् माजा हात ब्रेककडं गेला बग!" तिनं हसत त्यांना जिलेबी भरवली.

हल्ली लग्नसराईत आम्ही दोघं आधीच फोनवर चॅनेलं वाटून घेतो. परवा तुंगार्लीच्या बंगल्यांत आमच्या मधोमध एक तिसराच साउंडवाला निघाला, फुल पॉवर लावून बसलेला. आम्ही तीन चहा सांगितले आणि त्याच्याकडे गेलो.