तीन दारांचा भागाकार

गृहपाठ एका घरात झाला तर संध्याकाळी संपतो. आमच्या बहरीनमधल्या, मनाम्यातल्या बिल्डिंगमध्ये तो तीन दारांत होतो, त्यामुळे संपत काही नाही, किस्से तेवढे वाढत जातात! एक सांगायला घ्यावा तर दुसरा आठवतो.

मी नर्स, मूळची साताऱ्याची, शिफ्ट दुपारची. नवरा समुद्रावरच्या कॉजवेपलीकडे सौदीत, वीकेंडला येतो. लेक इरा पाचवीत. समोर जोशीकाका, पुण्याचे इंजिनिअर. शेजारी रुखसानाभाभी, रत्नागिरीच्या. भागाकार म्हटलं की इराच्या पोटात दुखायचं. मिसनी सांगितलं, पुढच्या टेस्टमध्ये जमलं नाही तर शाळा सुटल्यावर सपोर्ट क्लास. आणि त्याला स्कूलबस नाही! म्हणजे तिला आणायला मी नोकरी सोडायची, नाहीतर पोरीला साताऱ्याला आईकडे ठेवायचं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. शेजाऱ्यांनी हे ऐकलं आणि मला न विचारता सरळ पोरीचा ताबा घेतला.

*

आधी जोशीकाका. “दहानं गुणायचं? एक शून्य लावायचं, झालं!”

इरानं दोन पॉइंट पाचला शून्य लावलं. उत्तर आलं दोन पॉइंट पाच शून्य. काकांनी चष्मा पुसून परत बघितलं. “अरेच्चा, हे तर होतं तिथंच राहिलं!”

“बट यू सेड सो, काका!”

काकू आतून म्हणाल्या, “तुमचे पूल उभे कसे राहतात हो?”

*

काका हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी पॅसेजमधल्या फरशांवर त्यांनी खडूनं शतक, दशक, एकक लिहिलं. काकू झाल्या चार, इरा झाली सात. दहानं गुणलं की दोघींनी एकेक फरशी डावीकडे सरकायचं. सरकल्या. एककाची फरशी रिकामी! आता शून्य कोण होणार? काका स्वतःच जाऊन उभे राहिले.

काकू म्हणाल्या, “चला, एकदाचं कबूल केलंत!”

इरा हसून हसून खाली बसली. गणित करताना ती हसली, हे मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

*

एकदा टी-ब्रेकमध्ये इराचा मेसेज आला, छत्तीस गुणिले वीस. मी, केरळची लिसी आणि आमची बहरिनी इनचार्ज फातिमा, तिघीही चहा सोडून भिडलो. मी दुप्पट करून दहानं गुणलं, लिसीनं उभी मांडणी केली, फातिमानं तीस वेगळे आणि सहा वेगळे काढले. तिघींचं उत्तर सातशे वीस! फातिमा म्हणाली, “यल्ला, चल, पाठव!”

इराचा रिप्लाय आला. “काका चेक्ड. खलास. यू वर्क, मम्मी.”

*

मग रमजान आला. भाभी इफ्तारसाठी सहा घरांत खजूर वाटतात. दहा-दहाच्या पुड्या, दहा पुड्यांचा एक खोका. त्या दिवशी एक खोका, तीन पुड्या आणि सात सुटे होते. मी युनिफॉर्म चढवून निघालेच होते.

भाभींनी इराला विचारलं, “एक खोका सहा घरांत कसा जाईल?”

“कान्ट,” म्हणाली, आणि डोळे भरले.

“अगो, रडतेस कशाला? नाय जात तर उघड ना!”

दहा पुड्या निघाल्या, तीन होत्याच, झाल्या तेरा. दोन-दोन प्रत्येक घरात, एक उरली. ती इरानं न सांगता फोडली! सतरा सुटे झाले, परत दोन-दोन गेले, पाच उरले.

“अँड धिस?”

“उरलेलं ड्युटीवालीचं,” म्हणत भाभींनी ते पाचही माझ्या पिशवीत टाकले. “ही मेली रोजा नसून तिथं उपाशी ऱ्हाते!”

मला लिफ्टमध्ये रडू आलं. परक्या मुलखात कोण कुणासाठी एवढं करतं हो? पुढं टेस्टपर्यंत रोज हेच. रोज खजूर वेगळे, आणि उरतील ते माझ्या पिशवीत.

*

टेस्टनंतर वॉर्डमध्येच मिसचा फोन आला.

“इराला सपोर्ट क्लासची गरज नाही. भागाकार सगळे बरोबर.”

मी मटकन स्टुलावर बसले. फातिमा धावत आली, तिला वाटलं घरी काही झालं.

“फक्त एक विचारायचं होतं,” मिस म्हणाल्या. “चौऱ्याण्णव संत्री चार पेट्यांत भरायची होती. तेवीस-तेवीस लिहिलंय, उरली दोन, तेही बरोबर. मार्क पूर्ण दिलेत. पण खाली तिनं आणखी एक ओळ लिहिलीय, ती वर्गात दुसऱ्या कुणीच लिहिलेली नाही. वाचू?”

“वाचा ना.”

“‘रिमेंडर टू. गोज इन मम्मीज ड्युटी बॅग.’”