पट्ट्यावरची आक्का

"पडायचं तेवढं मला शिकवू नगं," असं म्हणून आक्कानं पहिल्याच दिवशी मला बाजूला ढकललं आणि पट्ट्यावर पाय ठेवला. दोन सेकंदांत ती खाली होती.

निपाणीहून बेळगावला नोकरीसाठी आले तेव्हा माझी इथं कुणाशी ओळख नव्हती. संध्याकाळी खोलीत बसून करायचं काय? घराजवळच्या मैदानात कॉलेजची पोरं दोन झाडांना पट्टा ताणून बांधायची आणि त्यावरून चालायची. त्याला स्लॅकलाइन म्हणतात. पट्टा दोन बोटं रुंद, कमरेएवढ्या उंचीवर, आणि पाय ठेवला की जन्माचं वैर असल्यासारखा थरथरतो. मी पोरांकडून शिकले, स्वतःचा पट्टा घेतला आणि रोज पडू लागले. माझ्या शेजारच्या घरातली आक्का सिटी बसवर कंडक्टर होती. ड्यूटीवरून येताना मला पडताना बघून तिला राहवलं नाही.

बसमध्ये तिची दहशत होती. "मुंद होग्री! पुढं सरका!" असं ती ओरडली की बस निम्मी रिकामी व्हायची. बायकांच्या सीटवरून उठत नव्हता म्हणून एका टग्याची तिनं कॉलर धरली. त्यानं हात उगारला, तसं तिनं तिकिटाचं मशीन त्याच्या नाकावर हाणलं. शर्ट रक्तानं भरला. तरी त्याला तिकीट दिलंच. "हात लई सैल हाय गं माझा," असं ती मला वर सांगायची. पट्ट्यावरून पडली की पट्ट्यालाच दोन लाथा घालायची.

तुम्हीही अशी एखादी बाई बघितली असेल. आणि तिचा नवराही बघितला असेल. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, दिसेल त्याला नमस्कार. त्यांच्या घरातून भांडी आपटल्याचा आणि आक्काच्या ओरडण्याचा आवाज आला की गल्ली हसायची. "बिचाऱ्याची आज परत पूजा चाललीय," म्हणायची.

पडण्यात मात्र आक्काचा हात कुणी धरू शकत नव्हतं. डोकं दोन्ही हातांत, गुडघे पोटाशी, अंग कुशीवर. पोरं थक्क व्हायची. "आक्का, हे कुठं शिकलीस?"

"घरात."

आम्ही सगळे हसलो. ती सगळ्यांत जास्त हसली.

मग एकदा तोल सावरायला तिनं हात वर केले आणि ब्लाउजची बाही सरकली. दंडावर काठीचे वळ होते, काही काळेनिळे, काही ताजे. मी बघितलं, ते तिनंही बघितलं.

"बोलायचं न्हाय कुणाला," ती म्हणाली. "बोंबलणारी मी, गप बसणारा त्यो. माझं खरं कोण मानतंय?"

या टोकापासून त्या टोकापर्यंत ती कधी पोचली नव्हती. त्या संध्याकाळी अर्ध्याच्या पुढं गेली. पोरं बघत उभी राहिली. फिरायला येणारे पेन्शनर काकाही थांबले. तेवढ्यात तिचा नवरा आला, सगळ्यांना नमस्कार केला, मागच्या झाडापाशी गेला आणि पट्टा आवळायची लोखंडी कळ त्यानं खाडकन सोडली.

पट्टा चाबकासारखा उडाला, तिची पोटरी फाडून गेला. तिची नजर पुढं होती, अंग आवळायला तिला वेळच मिळाला नाही. कोपराचं हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं.

"पडली हो. अशीच पडते ती," तो हळुवारपणे म्हणाला. उचलायला वाकला आणि तोच मोडका हात त्यानं पिळला. आक्का किंचाळली. दुसऱ्या हातानं त्याचा गळा धरून तिनं त्याला खाली ओढलं आणि डोकं त्याच्या तोंडावर हाणलं. त्याच्या ओठातून रक्त आलं.

"बघा, बघा कशी मारते!" तो म्हणाला.

आक्का आमच्याकडं वळली. "कळ कुणी सोडली? बघितलासा न्हवं सगळ्यांनी? आज तरी सांगा की!"

कुणी बोलेना. त्या गप्पपणाची मला अजून चीड येते. मग मी ओरडले, "ह्यानं सोडली! मी बघितलं!" पाठोपाठ पोरं ओरडली. शेवटी पेन्शनर काका म्हणाले, "मी पण बघितलंय. चला पोलीस ठाण्यात." आणि सगळे गेलो.

हाताला प्लास्टर घालून ती लोंढ्याला बहिणीकडं निघाली. स्टँडवर मला म्हणाली, "पट्टा दे तुझा. तिकडं झाडं मायंदाळ हायत." एका हातानं तिला तो गुंडाळता येईना. मीच गुंडाळून पिशवीत घातला, आणि मला रडू फुटलं.

"रडतीस काय गं? माझं खरं मानलासा, बास की तेवढं," असं म्हणून ती बसमध्ये चढली. त्यानंतर मी तिला बघितलेलं नाही.