सगळ्यात शेवटी पेरणारे नाना

नाना गेल्याचं कळलं तेव्हा आमचं सोयाबीन मळणीयंत्रात होतं. त्यांचा पुतण्या बांधावरूनच ओरडला, "काकी, नाना गेले. झोपेतच." वर ढग जमले होते. राहिलेली गंजी ताडपत्रीखाली ढकलली, रास झाकली आणि मग गेले. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. रास भिजत टाकून आले असते, तर नानांनी तिरडीवरूनच हटकलं असतं.

नेकनूरच्या अलीकडे आमची आणि त्यांची जमीन एकाच बांधाला. नाना कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले, पण लोकांनी त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. हंगाम आला की ओटा सकाळपासून भरलेला. एकदा मक्यावर लष्करी अळी पडली म्हणून मी दुकानातून औषधाची बाटली घेऊनच त्यांच्याकडे गेले. "पोंगा उघडून बघितलास का, सूनबाई?" "नाही." "मग दुकानदाराला अळीनं फोन केलता काय?" ओट्यावरचे सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पोंगे, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळ्या, उघडून पाहिल्या, तर अळी दोन-चार ओळींतच होती. बाटली परत केली. दुकानदारानं कुरकुर केली, ती ऐकून घेतली.

त्यांच्या आयुष्यात एक वर्ष वाईट आलं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. जमिनीत वीतभर ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं ते दरसाल घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे. त्या वर्षी मात्र थोड्याशाच ओलीवर त्यांनी स्वतः पेरलं. त्यांच्या विहिरीला पाणी होतं, तुषार संच होता, पाऊस लांबला तरी त्यांचं भागणार होतं. पण गावानं एवढंच पाहिलं, की नानांनी पेरलं. दोन दिवसांत सगळ्यांनी पेरलं. पाऊस गेला तो गेलाच... नानांचं सोयाबीन तरारून आलं आणि गावावर दुबार पेरणी आली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून नाना सगळ्यांच्या शेवटी पेरू लागले. "लोक माझं ऐकत न्हाईत गं, माझं रान बघत्यात," एवढंच म्हणायचे. खरिपात ते एक वेळ निभायचं, रब्बीत नाही. गहू थंडीचा. उशिरा पेरला की दाणा भरायच्या वेळी ऊन गाठतं. गावाचा गहू ओंब्यांवर यायचा तेव्हा नानांचा गुडघ्याएवढा असायचा. दाणा चिरमुटलेला, पोळी चिवट. त्यांची बायको, गयाकाकू, एकदा परात माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "बघ. गावाला सल्ला न् घराला कोंडा." नाना तिथंच जेवत होते. "यंदा बरोबरीनं पेरू," म्हणाले. हे ते दरवर्षी म्हणायचे. आणि दरवर्षी कुणाचं तरी एखादं रान राहिलेलं असायचंच... मला त्यांचा आदर होता, पण ती पोळी मलाही खुपायची. प्रायश्चित्त एकानं घ्यायचं आणि कोंडा दोघांनी खायचा, हे मला कधी पटलं नाही.

तेरावा झाला आणि गव्हाचे दिवस आले. गावातली दोन वडीलधारी माणसं काकूकडे आली. म्हणाली, "काकू, ट्रॅक्टर तुमच्याकडं शेवटी धाडू. नानांची रीत हाय." काकू सुपातलं बियाणं पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "रीत त्यांची होती. रान माझं हाय." थंडी पडेपर्यंत ती थांबली, बियाण्याला औषध चोळलं, आणि ज्या दिवशी माझी पेरणी झाली त्याच दिवशी तिची झाली. न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोचून खाडे भरायची वेळच आली नाही, इतका गहू सरसकट उगवला.

परवा सकाळी ती बांधावर उभी होती. दोन्हीकडे सारखाच हिरवा गहू. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "माणूस गेल्यावर गहू वेळेवर आला." मी पाण्याचं विचारलं. पहिलं पाणी चुकलं की फुटवे धरत नाहीत, आणि विचारायला आता दुसरं कोण आहे?

"वरच्या मुळ्या फुटल्या की द्यायचं," काकू म्हणाली.

"फुटल्यात का?"

असं कुणी विचारलं की नाना एखादं रोप उपटून हातात द्यायचे. दुसऱ्याच्या रानातलं कधीच नाही. माणूस आपल्या शेताचं विचारायला आलेला असला, तरी उपटायचं ते आपलंच. काकूही सवयीनं तिच्या गव्हावर वाकली. हात रोपापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग ती सरळ झाली, बांध ओलांडून माझ्या रानात आली आणि माझं एक रोप मुळासकट उपटलं.

"आमचं लई उपटून झालं," म्हणाली. "हे बघ. फुटल्यात. दे पाणी."