हेडच्या बोल्टातला थेंब

गॅरेजात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. डिझेलच्या घमेल्यात नटबोल्ट टाकले की वर काळी साय येते, तसे ते आपोआप वर येतात. त्यात म्हातारे खुर्च्या टाकून बसले असतील, तर मग विचारूच नका!

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून मी सडक अर्जुनीला मामाच्या गॅरेजात आलो. तेव्हाच नवेगाव बांधच्या आबाजींचा ट्रॅक्टर आला. वयानं मामापेक्षा मोठा! इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या बोल्टांतून पाणी झिरपायचं.

मला परत न्यायला आलेले बाबा म्हणाले, "तूच बसव हेड. एक थेंब निघाला, तं सोमवारी कॉलेज!"

"अन् नाही निघाला तं?"

"तं कॉलेजचं नाव नाही काढन."

*

या इंजिनात बोल्टांची भोकं थेट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात उघडतात. आट्यांना गळती रोखणारं सीलंट हवंच. मामाकडे मात्र तीस वर्षं एकच इलाज : "कस अजून!"

कसता कसता त्याच्या हातून एक बोल्ट भोकातच तुटला. मी म्हटलं, "आता?"

मामा शांत. "आता तं बूच बसलं बे. पाणी कुठून निघन?"

*

आबाजींचा इलाज हळद. गळती दिसली की मूठभर रेडिएटरमध्ये! हेड उचललं तर आत पिवळा चिखल.

"आबाजी, इंजिन होय का वरण?"

"म्हणून तं इतके वर्ष टिकलं, बाबू!"

*

तुटका बोल्ट काढला, आटे घासले, भोकं वाळवली, प्रत्येक बोल्टाला सीलंट लावलं. मग टॉर्क रेंच. ठरलेला ताण आला की तो टक् वाजतो.

टक्!

"तोडला काऊन बे?" मामा ओरडला.

"मामा, टक् म्हणजे थांब."

"मले आजवर कोणी थांब नाही म्हटलं!"

"म्हणूनच तं बोल्ट तुटतात!"

*

बाबांचं नारळाशिवाय पान हलत नाही. माझ्या ॲडमिशनला त्यांनी कॉलेजच्या पायरीवरच फोडला. शिपाई धावत आला.

बाबा म्हणाले, "पोरगा इंजिनिअर होऊन राहिला जी!"

शिपायानं माझ्याकडे बघितलं. "त्याले पुसलं का जी?"

आजवर हे विचारणारा तो एकटाच!

*

स्टार्ट करायचा दिवस. सीलंट वाळलेलं, रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी, बॉनेट उघडं. मी सीटवर चढतोय तोच पुढे फट्‌कन आवाज. बाबा हातात नारळाच्या दोन वाट्या घेऊन इंजिनाजवळ उभे!

स्टार्टर मारला. धूर, खोकला, आणि इंजिन लागलं! आबाजी टाळ्या वाजवत ट्रॅक्टरभोवती फिरले.

तेवढ्यात बाबा वाकले. "थेंब! हा पाह्य, बोल्टाखाली थेंब! सोमवारी बॅग भर!"

आबाजींच्या टाळ्या थांबल्या. मामा खुर्चीतून उठला, थेंबाला बोट लावलं, बोट चाटलं.

"भाऊजी," तो म्हणाला, "गोड आहे."